मदत हवी आहे: गाय वायर (टॉवरला ताणून उभं धरणाऱ्या तारा) बदलताना टॉवर कोसळू नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी. अलिबागजवळ एका जुन्या हॅमचा (हौशी रेडिओ ऑपरेटरचा) ६० फुटी जाळीदार टॉवर माझ्याकडे आलाय. तीन दिशा, दोन पातळ्या, म्हणजे सहा गाय वायर. निसर्ग चक्रीवादळात (जून २०२०) तो टिकला, म्हणून घरचे निर्धास्त आहेत. मी नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि गंज काही वादळाची वाट बघत बसत नाही.

तारा वरून ठीक दिसतात. खरी धास्ती तारा ज्यांना बांधल्यात त्या जमिनीतल्या अँकर सळ्यांची आहे. माती लागते तिथे एका सळीची जाडी बोटांना कमी लागतेय. खाली किती खाल्लीय ते खणल्याशिवाय कळणार नाही. पण सळीभोवतीची माती काढली आणि पकडच सुटली तर? एक तार गेली की समोरच्या तारा टॉवरला आपल्याकडे ओढतात आणि तो मध्येच मुडपतो. पोलंडमधला ६४६ मीटरचा रेडिओ मास्ट (असाच तारांनी धरलेला टॉवर) १९९१ मध्ये गाय वायर बदलतानाच पडला होता.

विचारायचंय ते असं: नवा अँकर जुन्याशेजारी ओतून, तात्पुरती तार लावून मगच जुनी सोडायची, हा क्रम बरोबर ना? तात्पुरती तार वर बांधायला कोणी चढू द्यायचं, की क्रेनच बोलवावी? तारेचा ताण तिच्या तुटण्याच्या क्षमतेच्या साधारण १०% ठेवतात, तो मीटरशिवाय कसा मोजता? टर्नबकल्सना (तारा ताणायच्या स्क्रूंना) ते फिरून सैल होऊ नयेत म्हणून लागणारी सेफ्टी वायरही नाही, ती लगेच घालतोय. रायगडात हे काम केलेला अनुभवी रिगर (टॉवर-तारांचं काम करणारा कारागीर) माहीत असेल तर कृपया मेसेज करा.