टॉर्च मिनिटभरात मंद होतोय? आधी मोजा, मग उघडा

चालू केल्यावर मिनिटभरात उजेड उतरतो म्हणजे एलईडी गेला का अशी शंका येते, तर बहुतेक वेळा नाही, एवढ्याशा बॉडीतून उष्णता बाहेर पडत नाही म्हणून ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट) स्वतःच करंट कमी करतो. आधी नीट मोजा. मी रात्री खोलीचं दार लावून टॉर्च छताकडे तोंड करून उभा ठेवतो, बाजूला मोबाईलचं लक्स अॅप (उजेड मोजणारं), आणि दर 30 सेकंदांनी आकडा वहीत. पहिल्या क्षणाचा आकडा धरूच नका, टॉर्च तपासण्याच्या एफएल1 स्टँडर्डमध्ये पण लुमेन (टॉर्चचा एकूण उजेड) 30 सेकंदांनंतरच मोजतात. मग टेबल फॅनचा वारा लावून तेच परत करा. वाऱ्याने आकडा टिकला तर प्रश्न उष्णतेचा, तरीही पडला तर सेल नाहीतर स्प्रिंग बघा. माझ्या 18650 (लिथियम सेलचा एक प्रकार) वाल्या टॉर्चची मागची स्प्रिंग चटका बसेल इतकी तापायची, तिच्यावरून तांब्याची मऊ वायर सोल्डर केली (सेल बाहेर काढून हं!) आणि आकडा लगेच वर गेला. 5 अँपिअरला स्प्रिंगचा रोध 50 मिलिओहम म्हणजे पाव व्होल्ट तिथेच जातो हो! प्रश्न उष्णतेचा निघाला तर एलईडीच्या प्लेटखाली थर्मल पेस्ट (उष्णता बॉडीकडे नेणारी) लावा, मात्र अगदी पातळ, जाड थर उलट उष्णता अडवतो.