आईचं अर्धं राहिलेलं क्रोशाकाम (तुमच्या आईचे छंद लिहा)

पंचवटीकरीण
काल माळा आवरताना बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा सापडला. आत आईचा क्रोशाचा रुमाल, सुई अजून अडकवलेली. सहा पाकळ्या पूर्ण, सातवी अर्धी. तिला जाऊन चार वर्षं झाली. खालून मुलगा हाका मारत होता, मला उठवेना.

आई नोकरीसाठी नाशिकहून मुंबईला जायची, पंचवटी एक्सप्रेसने. हे सगळं क्रोशाकाम गाडीतलं. नाजूक काम इगतपुरीच्या आत उरकायची, कारण पुढे कसारा घाटात डबा हलतो, तिथे फक्त साखळीचे सोपे टाके. रविवारी पेटी, शब्दकोडं आणि गच्चीवर गुलाबाचे डोळे भरणं (कलमं करणं). एवढं सगळं ती कधी करायची, हे मला आज स्वतः नोकरी करताना कळत नाही. तुमच्याही आयांचं लिहा ना.

गोदाकाठ
आमची आई पावसाची नोंद ठेवायची. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशोबाशेजारी बारीक अक्षरात ‘गंगापूरचं (धरणाचं) पाणी सोडलं, मारुती कमरेपर्यंत’. गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली हेच तिचं माप. पूर आला की छत्री घेऊन घाटावर, बाबा ओरडायचे. २००८ आणि २०१९ ची कॅलेंडरं मी जपून ठेवलीत.

मीनल_७२
वाचून घशाशी आलं गं. कुकर लावलाय, मग लिहिते.

साधा वाचक
मातोश्री निवृत्तीनंतर पक्षी बघायला लागल्या. थंडीत पहाटे थर्मास, दुर्बीण आणि नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. मी गाडी चालवायचो आणि तिथे जाऊन झोपायचो. ती उठवून दाखवायची, ‘अरे, तो बघ चमचा’ (चमच्यासारख्या चोचीचा पक्षी). २०२० मध्ये त्या जागेला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, महाराष्ट्रातली पहिलीच. बातमी वाचली आणि हात फोनकडे गेला. ती २०१८ लाच गेली होती.

लोकरवेडी
सुई कितीची आहे? दोरा मेन रोडला नक्की मिळेल, रंग सांगा.

पंचवटीकरीण
@लोकरवेडी नंबर पुसलाय. दोरा मोतिया, पण जुना होऊन पिवळट पडलाय. नवा जुळेल का?

लोकरवेडी
नवा दोरा आधी चहाच्या पाण्यात बुडवून बघा. माझ्या सासूबाईंची युक्ती.

जुने नाशिक
आईच्या गोधड्या! आम्ही तिघे भाऊ रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याचा जुना हौद, प्रत्येकीचा रंग ठरलेला) उड्या मारायचो, ते शर्ट कितीही धुतले तरी रंग सोडत नसत. आई वर्षभर साठवून त्यांची गोधडी शिवायची. पिवळा तुकडा तिवंध्याचा, गुलाबी शनी चौकातला, केशरी दिल्ली दरवाजाचा. कुठला भाऊ कुठे बुडला ते गोधडीवर कळायचं. धाकटा आता परदेशात आहे, ती गोधडी त्यानेच नेली. (रहाडी अलीकडे फार गर्दीच्या झाल्यात, मुलांना सोडताना जीव धास्तावतो.)

गोदाकाठ
@जुने नाशिक तिवंध्यात कुठे राहायचात? आमचं आजोळ तिथलंच.

जुने नाशिक
चौकातून आत, दुसरी गल्ली. वाडा पडला आता.

कॉलेज रोड
माझी आई सावानाची (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) सभासद, आठवड्याला दोन पुस्तकं. १८४० पासूनची संस्था आहे हे ती दर पाहुण्याला सांगायची. आवडलेल्या ओळी वहीत उतरवायची, अशा अकरा वह्या आहेत. शेवटच्या वहीतलं अक्षर थरथरतं. ती मी अजून पूर्ण वाचलेली नाही.

@पंचवटीकरीण, माझं ऐकाल तर सुई काढू नका.

लोकरवेडी
मला उलट वाटतं. सातवी पाकळी तुम्ही पूर्ण करा ताई. येत नसेल तर मी शिकवते, इंदिरानगरला राहते.

पंचवटीकरीण
येतं थोडं, आईनेच शिकवलं. पण तिचे टाके घट्ट, माझे सैल पडतात, जोड दिसेल. रविवारी येऊ का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

मीनल_७२
आले. माझ्या आईची पेटी अजून घरात आहे. एक पट्टी दाबली की वर येत नाही, आई ती बोटाने उचलत वाजवायची. दुरुस्त करू दिली नाही. आता माझी मुलगी वाजवते, आणि तीही तशीच उचलते.