प्रतिसाद: नेमप्लेटला एवढा वेळ लागतोय तर आधी फाइल बघा

लेसर मशीनवर नेमप्लेट कोरायला फार वेळ लागतो म्हणून जास्त वॅटची लेसर ट्यूब घेऊ का असं विचारलंयत, पण आधी फाइल तपासा की राव. गणपतीचा जेपीजी ऑटो ट्रेस केलेला (म्हणजे सॉफ्टवेअरनेच चित्रावरून रेघा काढलेल्या) असेल तर नोड टूलने निवडून बघा, सोंडेवर नोड्सचा, म्हणजे रेघेवरच्या बिंदूंचा, नुसता बुजबुजाट दिसेल, तिथे लेसरचं हेड अडखळतं आणि कडा जळकी येते. इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधे कंट्रोल एल (सिम्प्लिफाय, नोड्स कमी करतं) मारा, पण एकदाच, सारखं मारलं की आकार बिघडतो. मराठी अक्षरांचं दुखणं वेगळंच, काही फाँटमधे शिरोरेघ आणि काना एकमेकांवर चढलेले असतात, वेल्ड करून एकच आकार केला नाही तर फिलमधे (आतला भाग ओळी-ओळीने भरून कोरताना) नेमका तो जोडच कोरा राहतो (आणि पुण्यात पाटीवरची चूक कोण सोडतंय!). डुप्लिकेट रेघा लाइटबर्नमधे (लेसर चालवायचं सॉफ्टवेअर) ऑल्ट डी ने उडवा, नाहीतर मशीन तीच रेघ दोनदा कापत बसतं.

वेळ खरा खातं ते फिल. डावीकडे गणपती, उजवीकडे आडनाव असेल तर हेड मधली रिकामी जागा दर ओळीला पार करतं, म्हणून दोघांचे वेगळे ग्रुप करून 'फिल ग्रुप्स टुगेदर' निवडा. आणि लाइन इंटरव्हल (दोन ओळींमधलं अंतर) ०.०५ मिमी असेल तर तो ०.१ मिमी करून एका तुकड्यावर टेस्ट घ्या, रेघा निम्म्या होतात. बाहेरचा कट मात्र शेवटीच.