यॉटवर ओळखीचा चेहरा दिसला तर सागरी पोलिसांनी काय करावं?

सागरवेळ
अलिबागकडे बंगले झाल्यापासून गेटवे ते मांडवा हा उद्योगपती, नट, क्रिकेटपटूंचा नेहमीचा रस्ता झालाय. गस्तीच्या लाँचवरचा फौजदार बोट थांबवतो आणि आतून होर्डिंगवरचा चेहरा बाहेर येतो. तिथे तपासणी ढिली पडते, असं माझं मत आहे. उपाय साधा: मालकाशी बोलूच नका, सुकाणूवरच्या माणसाशी बोला. बोटीची जबाबदारी त्या क्षणी त्याची असते. क्रम ठरलेला ठेवा: नोंदणी, सर्व्हे, विमा, चालवणाऱ्याचा परवाना, मग डोकी मोजायची आणि परवानगीच्या आकड्याशी ताडायची. मालकाने फोन पुढे केला तरी कागद हातात येईपर्यंत तो घ्यायचा नाही.

वल्हेकर
क्रम बरोबर, जागा चूक. भर समुद्रात यॉटला चिकटणं धोक्याचं आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा चढतो, दोन्ही बोटी वेगवेगळ्या तालात उसळतात आणि मध्ये पाय सापडला तर मोडतो. वर फायबरच्या बॉडीला लाँचचा लोखंडी कठडा लागला की भरपाईचा वाद. तपासणी जेट्टीवरच करा, निघण्याआधी. मालकाचा वेळ वाचतो, हवालदाराचा पायही.

दर्यासारंग
जेट्टीवर कागद दिसतात, वागणं दिसत नाही. लाइफ जॅकेटं मोजून भरतात, पण ती बर्थखालच्या कप्प्यात, वर सामान रचलेलं. लहान मुलांच्या मापाची तर बहुतेकदा नसतातच. आऊटबोर्डची (मागे बाहेर लावलेल्या इंजिनाची) किल-कॉर्ड, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी, चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली आहे की नुसती लटकतेय, हे बोट चालू असतानाच कळतं. तो पाण्यात पडला आणि दोरी सुटी असेल तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. २०१८ च्या ऑक्टोबरात शिवस्मारकाच्या कार्यक्रमाला निघालेली स्पीडबोट खडकावर आदळून एक तरुण गेला. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाच्या वाटेवर नौदलाच्या बोटीची धडक बसून प्रवासी बोट बुडाली, १५ जीव गेले. पाणी समोरच्याचं नाव विचारत नाही.

लाँच लावायची रीत आहे, ती शिकवा. यॉटला दोन-तीन नॉट्सवर लाटेला समोर ठेवायला सांगायचं, वाऱ्याआडच्या बाजूने जायचं, धक्का झेलणारे फेंडर आधीच सोडायचे, चढणाऱ्याने जॅकेट घालूनच चढायचं. समुद्र जास्त असेल तर चढायचंच नाही. व्हीएचएफ १६ वर, म्हणजे सगळ्या बोटी ऐकतात त्या रेडिओ वाहिनीवर, बोलावून मागोमाग जेट्टीला आणायचं.

वल्हेकर
रीत मान्य. पण संशयाशिवाय केबिन उघडायला लावणं मला अजूनही पटत नाही. मासेमार असो की अब्जाधीश, झडती म्हणजे झडती. पंच हवेत, बाईची झडती बाईनेच घ्यायची, आणि जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण कायद्यानेच बंधनकारक आहे. लाँचवर महिला शिपाई नसेल तर काय करणार?

कोळीवाडा
हीच काळजी आमच्या होड्यांबद्दल कधी दिसली नाही. २६/११ नंतर बोटींना रंग ठरले, खलाशांना ओळखपत्रं आली, बंदरावर नोंद आली. सुरक्षेसाठी म्हणून आम्ही ते पाळतो. त्या रात्री बधवार पार्कला रबरी बोटीतून उतरलेल्या तरुणांना हटकलं ते मच्छीमार वस्तीतल्या माणसांनीच. मग आमचा तांडेल (होडीचा प्रमुख) पहाटे कार्ड दाखवतो आणि पांढऱ्या यॉटला हात हलवून सोडतात, हे का?

ऑगस्ट २०२२ आठवा. हरिहरेश्वरला बेवारस यॉट लागली, आत तीन एके-४७. मस्कतहून युरोपला निघालेली, इंजिन बिघडल्यावर माणसांना वाचवलं गेलं आणि रिकामी बोट वाहत आली, असं निघालं. घातपात नव्हता, पण बोट किनाऱ्याला टेकेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. ती जेमतेम १६ मीटरची. आपल्याकडे एआयएसची, म्हणजे बोटीची ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप कळवणाऱ्या यंत्राची, सक्ती २० मीटरच्या वर, म्हणजे गेटवेच्या बऱ्याचशा खासगी बोटी त्यातून सुटतात. ती मर्यादा खाली आणा.

सागरवेळ
वल्हेकर, महिला शिपायाचा मुद्दा खरा आहे. ती नसेल तर अंगझडती नाही, पण कागद, डोकी, जॅकेटं, अग्निशामकाचा काटा आणि फ्लेअरवरची (संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या नळीवरची) तारीख बघायला कोणी अडवत नाही. दहा मिनिटांचं काम आहे. कोळीवाडा म्हणतात ती मर्यादा खाली यावी, याला माझा पूर्ण पाठिंबा.

वल्हेकर
एआयएसला माझाही. फक्त यंत्र बसवून भागत नाही, ते बंद ठेवणाऱ्याला दंड हवा, आणि तो सुकाणूवाल्याला नव्हे, मालकाला.