मदत हवी आहे: चार लोकल सोरॉरिटींची एकत्र समिती, पण स्वायत्तता राखून

नमस्कार मंडळी. न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या कॉलेजात शिकवते आणि तिथल्या एका लोकल सोरॉरिटीची सल्लागार आहे. इथे अमेरिकेत शिकलेल्या बऱ्याच जणी आहेत, म्हणून विचारतेय.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी: सोरॉरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींची मंडळं. मोठ्या राष्ट्रीय संस्थांच्या गावोगावी शाखा असतात. त्यांतल्या २६ संस्था १९०२ सालच्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्समध्ये आहेत. लोकल मात्र एकाच कॉलेजपुरती, वर मुख्यालय नाही. डार्टमथ कॉलेजच्या सिग्मा डेल्टा या सोरॉरिटीच्या मुलींनी १९८८ मध्ये राष्ट्रीय संस्था सोडली आणि स्वतंत्र झाल्या, तसला प्रकार. वर्गणी वर पाठवायची नाही, नियम आपले, रीतिरिवाज आपले. पण विमा, हिशेब, नव्या पदाधिकाऱ्यांचं प्रशिक्षण हेही सगळं आपलंच!

आमच्याकडे अशा चार आहेत. खजिनदार मुलगी पदवी घेऊन जाते आणि तिच्यासोबत पासवर्डही जातो. सलग तीन वर्षं आयआरएसचं (अमेरिकेचं करखातं) वार्षिक विवरण भरलं नाही तर करमुक्ती आपोआप रद्द होते. चौघींपैकी एकीचं तसं झालंय. यात नुसत्या कराचा प्रश्न नाही: फक्त मुलींनाच सभासद करण्याची सूट टायटल नाइनमध्ये (शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणारा कायदा) १९७४ साली आली, ती करमुक्त संस्थांनाच आहे.

म्हणून चौघींची समिती काढायचं चाललंय. विमा आणि हिशेब एकत्र करायला कुणाची ना नाही. भांडण पुढे आहे. दोघींना सभासदभरतीही एकत्र हवी आणि शिस्तभंगाची चौकशीही. आमच्या माजी सभासद ऐकून भडकल्या, 'आमच्यात कोण येणार हे दुसऱ्यांनी का ठरवायचं?' भरतीबाबत मला त्यांचं पटतं. चौकशीबाबत नाही, आपल्याच मैत्रिणींची चौकशी आपणच केली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. शिवाय डिसेंबर २०२४ च्या हेझिंगविरोधी (हेझिंग म्हणजे नव्या सभासदांचं रॅगिंग) कायद्याने दोषी ठरलेल्या संस्थांची नावं कॉलेजला जाहीर करावी लागतात. समिती एक असली तर एकीचा डाग चौघींना लागेल का? कुणी असा करार केलाय का?

प्रतिसाद – खडूस_हिशेबनीस
ताई, विमा एकत्र नको. एकीचा दावा आला की चौघींचा हप्ता वाढतो. दलाल एक ठेवा, पॉलिस्या चार. बँक खाती आणि करक्रमांकही वेगळे. कुणीतरी 'ग्रुप एक्झेम्प्शन' सुचवेल, एका छत्राखाली सगळ्यांची करमुक्ती. ऐकायला सोयीचं आहे, पण त्यासाठी प्रत्येक संस्था मध्यवर्ती संस्थेच्या देखरेखीखाली किंवा नियंत्रणाखाली असावी लागते. म्हणजे ज्याला नको म्हणताय तेच मागच्या दाराने आलं. त्यापेक्षा चौघींची विवरणं वेळेवर भरणारी एक व्यक्ती पगार देऊन नेमा.

प्रतिसाद – ह्यूस्टनची_सून
कॉलेजातल्या पॅनहेलेनिकचं (तिथल्या सोरॉरिटींची एकत्र परिषद) सहयोगी सदस्यत्व विचारून पाहिलंत का? लोकल संस्थांनाही मिळू शकतं. त्यांचे नियम पाळावे लागतात, तेवढं आधी वाचून घ्या. आणि चौकशी समितीत चौघींच्या मुली नकोतच. प्राध्यापक आणि दुसऱ्या कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी घ्या.

धागाकर्ती
दोघींचे आभार. विम्याचं लक्षातच आलं नव्हतं, मसुद्यातून काढते. बाहेरच्या लोकांची चौकशी समिती माजी सभासदांच्या गळी उतरवता येईल बहुतेक. आता एकच अडलंय: हिशेबनिसाचा पगार चौघींनी सारखा भरायचा की सभासदसंख्येप्रमाणे? सगळ्यात लहान संस्थेत मोजून अकरा मुली आहेत आणि विवरणं तिचीच थकलीत.