विज्ञानाचं प्रशिक्षण मे महिन्यातच व्हावं का?

खडूफळा
प्राथमिक शिक्षकांना उन्हाळ्याच्या सुट्टीत विज्ञानाचं निवासी प्रशिक्षण द्यावं, निदान दहा दिवसांचं, असं माझं ठाम मत आहे. एरवीच्या दोन-तीन दिवसांच्या प्रशिक्षणात हजेरी, पीपीटी, गटचर्चा आणि अहवाल यातच वेळ जातो. प्रयोग सुलभक (प्रशिक्षण देणारे) करून दाखवतात, बाकीचे वहीत उतरवून घेतात.

मेणबत्तीचा प्रयोग घ्या. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा पेला. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं. 'ऑक्सिजन संपला, तेवढी जागा पाण्याने घेतली' हे उत्तर वर्गावर्गात सांगितलं जातं. आता एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. पेला तोच, हवा तेवढीच, पण पाणी जास्त चढतं. शिवाय ते हळूहळू चढत नाही, ज्योत विझता विझता एकदम चढतं. खरी गोष्ट अशी की पेला ठेवताना आतली हवा तापून फुगलेली असते आणि ज्योत गेल्यावर ती गार होऊन आकसते. हे पटायला पेला स्वतःच्या हातात हवा, शेजारच्याशी वाद व्हायला हवा. त्यात अर्धा दिवस सहज जातो. शाळा सुरू झाल्यावर तो अर्धा दिवस कुठून काढणार?

मध्य प्रदेशात 1972 साली 16 शाळांमध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहावी ते आठवीचे शिक्षक उन्हाळ्यात एकत्र येऊन, मुलांनी करायचे तेच प्रयोग आधी स्वतः करायचे.

दोनशिक्षकी
साफ विरोध. वर्षभर निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, आणि उरलेला मे महिनाही तुम्हाला द्यायचा? दीर्घ सुट्टी मिळते म्हणून आम्हाला इतर कर्मचाऱ्यांइतकी अर्जित रजा मिळत नाही, हे लोक विसरतात. निवासी म्हणताय, पण लहान मूल असलेल्या बाईंनी ते कुणाकडे ठेवायचं? आणि चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. पत्र्याच्या हॉलमध्ये बसवून कसलं विज्ञान शिकवणार?

खडूफळा
रजेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. जेवढे दिवस प्रशिक्षण, तेवढी रजा खात्यावर जमा झालीच पाहिजे. सक्तीही नको. ज्यांना यायचं त्यांनाच घ्या. पण पावसाळ्यात दहा दिवस शिक्षक शाळेबाहेर गेला तर तुमच्याच दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. ते मुलांचं नुकसान मला जास्त वाटतं.

भिंगवाली
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. होशंगाबादचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. तिथे उन्हाळ्यानंतर शिक्षकांच्या मासिक बैठका होत्या, शाळेला भेट देऊन मदत करणारी माणसं होती, प्रयोगाचं साहित्य शाळेत पोचत होतं, परीक्षासुद्धा पुस्तक उघडं ठेवून आणि प्रात्यक्षिकासह व्हायची. म्हणून तो कार्यक्रम टिकला. 2002 मध्ये सरकारने तो बंद केला, ही गोष्ट निराळी. नुसतं मे महिन्यातलं शिबिर दिवाळीपर्यंतही पुरत नाही. आपल्याकडे केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या शिक्षकांची, शिक्षण परिषद आहेच. तिथे परिपत्रकं वाचण्याऐवजी दर वेळी एक प्रयोग सगळ्यांनी करावा. त्याला मे महिना लागत नाही.

रेंजनाही
हे सगळं ऑनलाइन होऊ शकतं. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये वर्षाला 50 तासांचा व्यावसायिक विकास सांगितलाय, दीक्षा या सरकारी पोर्टलवर कोर्स आहेत. सुट्टी वाचते.

भिंगवाली
व्हिडिओ संपला की प्रमाणपत्र येतं. तीन मेणबत्त्या लावल्या की नाही, हे कोण बघतं?

खडूफळा
भिंगवालीताई, पाठपुरावा हवाच, त्यावर वाद नाही. पण परिषदेत तासाभरात कुणाची शंका फिटत नाही. केंद्रातल्या दोघा-तिघांनी तरी तो प्रयोग आधी उलटसुलट करून पाहिलेला हवा. नाहीतर तिथेही एक जण दाखवणार आणि बाकीचे उतरवून घेणार. ती दोघं-तिघं तयार करायला मी मे महिना मागतोय.

दोनशिक्षकी
मग असं लेखी द्या: जूनचा पहिला आठवडा, तालुक्याच्या गावी, रोज घरी परत, रजा जमा आणि जाताना साहित्याची पेटी हातात. यातलं एक जरी गळलं तर माझा विरोध कायम.