मदत हवी आहे : एसी सर्व्हिसिंगच्या धंद्यात टिकणारी, वेळेवर पैसे देणारी गिऱ्हाइकं कशी मिळवू?

नमस्कार मंडळी,

म्हापशाला माझं एसी दुरुस्तीचं छोटं काम आहे. मी, हाताखाली एक मुलगा आणि एक जुनी व्हॅन. आठ वर्षं दुसऱ्याकडे टेक्निशियन होतो, स्वतःचं सुरू करून तीन वर्षं झाली. कामाला तोटा नाही, मार्चपासून तर जेवायला वेळ मिळत नाही. पण गिऱ्हाइकं धड नाहीत.

निम्म्याहून जास्त काम आसगाव, हणजूण, शिवोलीच्या भाड्याच्या व्हिलांचं. मालक मुंबई-दिल्लीला, इथे मॅनेजर. फोन येतो तो पाहुणे दारात उभे असताना. गेल्या डिसेंबरात अशाच एका मॅनेजरच्या अकरा मशिनी सातशे रुपयांप्रमाणे दोन दिवसांत धुऊन दिल्या, दोन पीसीबी (एसीतले सर्किट बोर्ड) बदलले. ११,००० रुपयांचे ते पीसीबी मी रोखीने आणले होते. बिल १८,७०० चं. "मालकाने पाठवले की लगेच देतो," म्हणाला. आता पाऊस तोंडावर आला, तो फोन उचलत नाही.

याच्या उलट कांदोळीच्या एक दातांच्या डॉक्टरबाई. चार मशिनी, वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. गेल्या खेपेला आउटडोअर (भिंतीबाहेरचं युनिट) उघडला आणि कॉइलला बोट लावलं, तर फिन, म्हणजे नळीवरच्या पातळ पट्ट्या, भाजलेल्या पापडासारख्या चुरल्या. तांब्याची नळी, ॲल्युमिनियमची फिन आणि वर खारा दमट वारा, किनाऱ्यावर हे व्हायचंच. फोटो दाखवून म्हटलं, आता बदला, नाहीतर ऐन एप्रिलात गॅस जाईल. त्यांनी खर्च विचारला, हो म्हणाल्या, आणि काम झालं त्याच संध्याकाळी पैसे दिले. मला अशी माणसं हवीत, जी मशीन बंद पडण्याआधी बोलावतात.

एका ॲपवर पैसे भरून लीड, म्हणजे चौकशी करणाऱ्यांचे नंबर, घेतल्या. तोच नंबर आणखी चौघांना गेलेला असतो, आणि पहिला प्रश्न "कमी किती करणार?" शुक्रवारच्या बाजारात पत्रकं वाटली, दोन फोन आले.

सोसायट्यांत शिरायचं कसं? नव्या गिऱ्हाइकाकडे ॲडव्हान्स मागितला तर चालतं का? आणि जून ते सप्टेंबर तुम्ही कसे काढता? मुलाचा पगार तर द्यावाच लागतो.

प्रतिसाद (फोंड्याहून, इलेक्ट्रिकल कामं करतो)

भाऊ, ॲडव्हान्स मागायला लाजू नका. पार्टचे पैसे आधी, मजुरी काम झाल्यावर, हे फोनवरच सांगायचं. जो तिथेच कुरकुरतो तो नंतर बुडवणारच, हा माझा बारा वर्षांचा अनुभव.

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर आजच करा, फुकट आहे, आणि नंबर बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांच्या) कायद्यात अशा नोंदलेल्या छोट्या धंद्याला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. थिवी, वेर्ण्याच्या कंपन्यांचे अकाउंटंट आता हे पाळतात, कारण मुदतीत दिले नाहीत तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च आयकरात धरता येत नाही. जुन्या १८,७०० साठी मात्र या नोंदणीच्या भरवशावर राहू नका. त्याला बिलाची प्रत पाठवून लेखी मागा, आणि पैसे येईपर्यंत त्याचं नवं काम घेऊ नका.

प्रतिसाद (ताळगावहून, सोसायटीची सेक्रेटरी आहे)

दादा, कमिटीकडे थेट कॉन्ट्रॅक्ट मागत येऊ नका. आमच्याकडे जो टिकलाय त्याने आधी फक्त क्लबहाउसचा एसी केला होता. गच्चीवर सांडलेलं पाणी स्वतः पुसून गेला, आणि मशीनच्या आतल्या बाजूला तारीख नि नंबराचा स्टिकर लावून गेला. पुढच्या महिन्यात सहा घरांनी त्यालाच बोलावलं.

पावसाळ्याचं म्हणाल तर आमच्या इमारतीत बरेच फ्लॅट बाहेरगावच्या लोकांचे, वर्षातले दहा महिने बंद. मेअखेरीला कोणी प्लग काढत नाही, मग पहिल्या विजांत पीसीबी जातो. गणपतीला घर उघडावं तर गाद्यांवर बुरशी. मेमध्ये सर्व्हिस करून प्लग काढणं, मग महिन्यातून एकदा घर उघडून एसी तासभर ड्राय मोडवर (हवेतला ओलावा काढणाऱ्या सेटिंगवर) चालवणं आणि फोटो पाठवणं, एवढं कोणी करणार असेल तर हे मालक वर्षाचे पैसे आधी देतील. मीच चौघांना सांगू शकते.

धागाकर्ता

ताई, भाऊ, मनापासून आभार. उद्यमचं आज रात्रीच करतो. ताई, बंद फ्लॅटचं काम मला नक्की करायचंय, पण एक काळजी आहे. चावी वॉचमनकडून घेऊन मालकाच्या मागे घरात शिरायचं, उद्या काही हरवलं तर नाव माझ्या पोराचं येईल. तुमच्याकडे चावीची नोंद कशी ठेवतात? आत जाताना आणि बाहेर पडताना व्हिडिओ कॉल केला तर मालकांना चालेल का?